गाडीला टेकून उभी असलेली बाई

प्रश्न: ताई नमस्कार, परवा टीव्हीवर गाडीची जाहिरात लागली होती आणि आमची आठ वर्षांची लेक एकदम म्हणाली, बाबा ह्या बाईला गाडी चालवता येत नाही का, मघापासून नुसती टेकूनच उभीये. मी हसलो पण उत्तर सुचलं नाही. बायको म्हणते टीव्हीच बंद करा. अंग दाखवल्याशिवाय माल खपतच नाही का हो? आणि पोरीला सांगू काय?
– एक बाबा

उत्तर: दादा, आधी लेकीची पाठ थोपटा. तिने जे पकडलं तेच एर्विंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात जाहिरातींचे ढीगभर फोटो गोळा करून दाखवलं होतं. पुरुषाचा हात वस्तू घट्ट धरतो, बाईची बोटं त्या वस्तूवरून नुसती फिरतात. तो ताठ उभा, ती मान कलती करून, एक गुडघा वाकवून. पुढच्या जाहिरातीत फक्त हात बघा, एकदा दिसलं की दिसतच राहतं.

आता खपण्याचं. २०१७ साली ह्या विषयावरचे ७८ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात निघालं काय तर अशी जाहिरात लक्षात राहते पण ब्रँड काही जास्त लक्षात राहत नाही आणि विकत घ्यायची इच्छा पण वाढत नाही. (तुम्हीसुद्धा गाडी कुठल्या कंपनीची ते लिहिलेलं नाही बघा!)

आणि एवढं अंग दाखवणारा हाच धंदा पाळीच्या रक्ताला मात्र लाजतो, पॅडवर कायम निळं पाणी. अमेरिकेत टीव्हीच्या जाहिरातीत पिरियड हा शब्द आला १९८५ ला, आणि ब्रिटनमध्ये बॉडीफॉर्म ह्या पॅडच्या ब्रँडने लाल रंग दाखवला तो थेट २०१७ ला. म्हणजे शरीर बघायला चालतं, त्याचं काम चालत नाही.

बायकी काय, मर्दानी काय, हे तर सगळं सोयीने फिरवतात. मार्लबोरो आधी बायकांची सिगरेट होती, लिपस्टिकचा डाग दिसू नये म्हणून टोकाला लाल कागद असायचा. मग फिल्टरवाली सिगरेट पुरुषांना विकायची ठरली, पण फिल्टर म्हणजे बायकी अशी समजूत, म्हणून १९५०च्या दशकात लिओ बर्नेटच्या जाहिरात एजन्सीने काउबॉय आणला आणि तेच नाव एकदम मर्दानी झालं.

ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून बायका-पुरुषांना असं साच्यात बसवणाऱ्या जाहिरातींवर नियम आहे. पहिल्या झटक्यात दोन अडकल्या. फोक्सवॅगनच्या जाहिरातीत पुरुष अंतराळात तरंगतायत, कृत्रिम पायाचा खेळाडू लांब उडी मारतोय आणि बाई बाबागाडीशेजारी बाकावर बसलीये. दुसरी फिलाडेल्फिया चीजची, त्यात बापलोक खायच्या नादात बाळाला खाणं फिरवणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर विसरतात. म्हणजे तुमच्या पुरुषजातीचंही काही भलं केलेलं नाही.

टीव्ही बंद करू नका, पोरगी बघतीये ते बरंच आहे. तिच्याबरोबर एक खेळ खेळा, जाहिरातीतल्या बाईच्या जागी पुरुष उभा करायचा, अगदी तस्साच. कल्पना करणं जमत नसेल तर घरच्या सोफ्याला टेकून तुम्हीच पोज द्या, मान कलती, एक गुडघा वाकवलेला, ओठ किंचित उघडे. फक्त त्याआधी बायकोचा मोबाईल लपवून ठेवा.