वाचकांचे प्रश्न : पाणी लागताच बिघडणारी क्लोराइडे

प्रश्न : स्टॅनस क्लोराइड (कथिलाचे क्लोराइड) पाण्यात टाकले की द्रावण दुधाळ होते. गाळले तरी थोड्या वेळाने पुन्हा गढूळ. रसायन खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. क्रम चुकतो आहे. पाणी जास्त आणि आम्ल कमी असले की या क्लोराइडचे जलअपघटन होते, म्हणजे पाण्याशी अभिक्रिया होऊन ते मोडते. त्यातून पांढरे, न विरघळणारे आम्लारिधर्मी क्लोराइड खाली बसते. ते गाळून टाकले की तुमचे कथिलच गाळणकागदावर राहते.

०.१ मोलर द्रावण १०० मिली हवे असेल, तर स्फटिकजलाच्या दोन रेणूंसह मिळणारे स्टॅनस क्लोराइड २.२६ ग्रॅम घ्या. चंचुपात्रात त्यावर १० मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि फ्यूम हूडमध्ये किंचित गरम करत, पूर्ण निवळेपर्यंत ढवळा. उकळी मात्र येऊ देऊ नका, कारण हायड्रोजन क्लोराइड वायू उडून जाऊन आम्लच कमी होते. गार झाल्यावर थोडे थोडे पाणी घालत १०० मिली करा. आता द्रावणात आम्ल सुमारे १.२ मोलर असते. ते जलअपघटन मागे रेटते, शिवाय जादा क्लोराइड आयन कथिलाला धरून ठेवतात. नायट्रिक आम्ल इथे चालणार नाही, कारण ते कथिलाचे ऑक्सिडीकरण करते.

बाटलीत शुद्ध कथिलाचा एक तुकडा टाकून ठेवा. हवेतल्या ऑक्सिजनमुळे स्टॅनिक (जास्त ऑक्सिडीकृत) झालेले कथिल त्याच्यामुळे पुन्हा स्टॅनस होते. द्रावणात अजून दम आहे का हे पाहायचे असेल, तर पिवळ्या फेरिक क्लोराइडच्या विरल द्रावणात त्याचे काही थेंब टाका. पिवळा रंग गेला तर द्रावण ठीक. गढूळ झालेली बाटली लगेच फेकू नका. संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घालून किंचित गरम केल्यावर निवळली तर ती वापरता येते. तरीही पांढरेपणा राहिला, तर बहुधा हायड्रेटेड स्टॅनिक ऑक्साइड झालेले असते. ती बाटली बाद.

प्रश्न : पण ‘आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात नको’ असे शिकवतात. वरच्या कृतीत उलटेच होते ना?

उत्तर : हो, आणि शंका रास्त आहे. त्या नियमामागचे खरे कारण संहत सल्फ्युरिक आम्ल. त्याची घनता १.८४, म्हणून वरून ओतलेले पाणी वरच तरंगते. मिसळताना इतकी उष्णता सुटते की ते पाणी उकळून आम्लासकट उडते. संहत हायड्रोक्लोरिक आम्लात मुळातच वजनाने सुमारे ६३ टक्के पाणी असते, त्यामुळे १० मिलीमध्ये गार पाणी सावकाश घातले तर असा उद्रेक होत नाही. गॉगल व हातमोजे तरीही हवेतच. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत मात्र नियमाला अपवाद नाही.

प्रश्न : सिलिकॉन टेट्राक्लोराइड दमट हवेत धुमसते, कार्बन टेट्राक्लोराइड पाण्याखाली नुसते पडून राहते. असे का?

उत्तर : पाठ्यपुस्तकी उत्तर असे की सिलिकॉनकडे रिकाम्या डी-ऑर्बिटल असतात, कार्बनकडे नसतात. परीक्षेत ते लिहा, गुण मिळतील. पण खरे वजन आकाराला आहे. सिलिकॉन मोठा असल्याने चार क्लोरीन असूनही पाण्याच्या रेणूला त्याच्यापर्यंत पोचता येते आणि पाच बंधांची मधली अवस्था तयार होऊ शकते. शिवाय सिलिकॉन-क्लोरीन बंध जास्त ध्रुवीय असतो. लहान कार्बन चार क्लोरीनच्या आड पुरता झाकला जातो. ऊर्जेच्या हिशेबाने कार्बन टेट्राक्लोराइडचेही जलअपघटन व्हायला हवे, फक्त त्याला वाट मिळत नाही. हा फरक प्रात्यक्षिकाने दाखवण्याचा मोह टाळा, कारण कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला घातक आहे.

प्रश्न : ॲल्युमिनियम क्लोराइडचे ओले स्फटिक तापवून निर्जल करता येतील का?

उत्तर : नाही. स्फटिकातले पाणी क्लोराइडवरच उलटते, हायड्रोजन क्लोराइड निघून जातो आणि शेवटी ॲल्युमिना उरते. निर्जल हवे तर तापलेल्या ॲल्युमिनियमवरून कोरडा क्लोरीन न्यावा लागतो. निर्जल चूर्णाची जुनी बाटली हूडमध्येच, झाकण तोंडापासून दूर धरून, हळूहळू उघडा. आत ओल शिरली असेल तर वायूचा दाब साठलेला असतो.

प्रश्न : नायट्रेटच्या परीक्षणात तपकिरी कडे (वलय) कधी येते, कधी नाही.

उत्तर : पहिला संशय फेरस सल्फेटवर घ्या. स्फटिक फिकट हिरवे हवेत. पिवळट-तपकिरी थर चढला असेल, तर बरेचसे लोह फेरिक झालेले असते आणि फेरिक लोह इथे निरुपयोगी. द्रावण त्याच दिवशी, गार पाण्यात, संपृक्त करा.

२ मिली नायट्रेट द्रावणात त्यातले ३ मिली घाला. परीक्षानळी तिरकी धरून संहत सल्फ्युरिक आम्ल ३ ते ५ मिली काचेच्या कडेने सोडा. जड असल्याने ते तळाशी जाते आणि सीमारेषेवर कडे उमटते. घाईने ओतले की दोन्ही थर मिसळतात, द्रावण तापते, नायट्रेटपासून बनलेला नायट्रिक ऑक्साइड निसटतो आणि कड्याचे तपकिरी संयुग मोडते. नळी हलवल्यानेही तेच होते.

कडे दिसले म्हणून नायट्रेट आहेच असेही समजू नका. नायट्राइट हाच रंग विरल आम्लातसुद्धा देते. म्हणून आधी फेरस सल्फेट आणि विरल सल्फ्युरिक आम्लाने पाहा. रंग आलाच, तर मूळ नमुन्याच्या ताज्या भागात सल्फॅमिक आम्ल घालून, बुडबुडे थांबेपर्यंत कोमट करून नायट्राइट काढून टाका आणि मग कड्याचे परीक्षण करा. ब्रोमाइड व आयोडाइडही घोटाळा करतात, कारण संहत आम्लाने सुटलेले ब्रोमीन आणि आयोडीन स्वतःच तपकिरी दिसतात.

प्रश्न : अमोनिया वाळवायला संहत सल्फ्युरिक आम्ल का चालत नाही?

उत्तर : अमोनिया आम्लारिधर्मी आहे, ते अमोनियम सल्फेट होऊन तिथेच अडकेल. फॉस्फरस पेंटॉक्साइडचेही तसेच. निर्जल कॅल्शियम क्लोराइड निरुपद्रवी वाटते, पण ते एका रेणूमागे अमोनियाचे ८ रेणूपर्यंत बांधून घेते. कळीचा चुना भरलेला मनोरा वापरा. वायू पाण्यावर गोळा करू नका, खोलीच्या तापमानाला तो पाण्याच्या आकारमानाच्या सुमारे ७०० पट विरघळतो. कोरडी वायुपात्रे उपडी धरून भरा.