दोन हजारांच्या आत व्हॅलोरंटसाठी हलका गेमिंग माऊस कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की सध्या साध्या ऑफिस माऊसवर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळता, बजेट दोन हजारांचं आहे, हात लहान आहे, आणि मित्र म्हणतात साठ ग्रॅमच्या वरचा माऊस बघूसुद्धा नकोस. माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, माऊस रोज उघडले जातात आणि संध्याकाळी मी स्वतः खेळतो. त्यामुळे आधी उत्तर, मग कारणं.

तुमच्या बजेटमध्ये लॉजिटेकचा वायरवाला जी102 घ्या. तो 85 ग्रॅमचा आहे, मित्रांच्या हिशोबात नापासच. तरीही तोच घ्या, आणि उरलेल्या पैशांत मोठा कापडी माऊसपॅड घ्या. बजेट हजारभर वाढवता आलं तर हायपरएक्सचा पल्सफायर हेस्ट (59 ग्रॅम) किंवा कूलर मास्टरचा एमएम710 (53 ग्रॅम) यांचे वायरवाले मॉडेल सेलमध्ये बघा. रेझरचा वायपर मिनी (61 ग्रॅम) लहान हातासाठी फार छान बसायचा. आता तो सहज मिळत नाही, पण कुठे सीलबंद आणि बिलासकट मिळाला तर सोडू नका.

आता वजनाचं. वजनाने फरक पडतो, हे खरंच आहे. कमी सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे माऊस बराच सरकवला तरी नेम थोडाच सरकतो अशा सेटिंगवर, खेळणारा माणूस माऊस सारखा उचलून मागे आणून ठेवत असतो. शिवाय झटकन नेम धरताना माऊस सुरू करायलाही जोर लागतो आणि नेमक्या जागी थांबवायलाही. जड माऊस थांबवताना थोडा पुढे जातो आणि मग उलटी दुरुस्ती करावी लागते. तीन-चार तास खेळलं की मनगट आणि अंगठ्याचा सांधा याची नोंद घेतात. म्हणून तर 2018 मध्ये फायनलमाऊसने जाळीदार कवचाचा 67 ग्रॅमचा माऊस आणला, 2019 मध्ये ग्लोरियसच्या मॉडेल ओने तेच वजन जरा सामान्य किमतीत दिलं, आणि 2020 च्या अखेरीस लॉजिटेकने जी प्रो एक्स सुपरलाइट हा वायरलेस माऊस एकही भोक न पाडता 63 ग्रॅमच्या आत बसवला. तेव्हापासून सगळ्यांना ग्रॅम मोजायची सवय लागली.

पण हा फरक सगळीकडे सारखा नसतो. 110 ग्रॅमवरून 80-85 वर आलात की पहिल्याच दिवशी जाणवतं. 85 वरून 60 वर आलात तर जाणवतं, पण त्या मानाने कमी. 60 वरून 50 साठी जे जास्तीचे पैसे जातात ते तुमच्या बजेटमध्ये कुठून तरी कापलेले असतात, बहुतेक वेळा बटणाखालच्या स्विचमधून किंवा कवचाच्या प्लास्टिकमधून. स्वस्तातला अतिहलका माऊस दोन्ही बाजूंनी दाबला तर करकरतो, आणि जोरात धरल्यावर बाजूची बटणं आपोआप दाबली जातात.

आणखी एक गोष्ट दुकानात कायम दिसते. काही स्वस्त 'गेमिंग' माऊसच्या पोटात चक्क लोखंडी पट्टी बसवलेली असते. हातात घेतल्यावर माऊस भक्कम वाटावा एवढाच तिचा उपयोग. तुमच्या सध्याच्या माऊसमध्ये अशी पट्टी आहे का ते बघायला हरकत नाही. स्क्रू बहुतेक वेळा तळाच्या पायांखाली किंवा स्टिकरखाली लपवलेले असतात. वॉरंटी संपली असेल तरच उघडा.

वजनापेक्षा मी आकाराला वरचं स्थान देतो, आणि यावर मी ठाम आहे. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजा. 17 सेंटीमीटरच्या आसपास किंवा कमी असेल तर 125 मिलिमीटर लांबीचा माऊस तुम्हाला मोठाच वाटणार, मग तो कितीही हलका असो. जी102 ची लांबी साधारण 117 मिलिमीटर आणि उंची 38. नंतर धरण्याची पद्धत बघा. पूर्ण तळवा टेकवून धरत असाल तर पाठीला उंचवटा हवा. बोटं वाकवून नखांकडच्या बाजूने धरत असाल, म्हणजे क्लॉ ग्रिप, तर लहान आणि दोन्ही बाजूंनी सारखा आकार चांगला. फक्त बोटांच्या टोकांनी धरणाऱ्यांना मात्र वजन सर्वांत जास्त जाणवतं, कारण तळव्याचा आधारच नसतो. तुम्ही या तिसऱ्या गटातले असाल तर मित्रांचं म्हणणं तुमच्यापुरतं बरोबर आहे, थोडं थांबून पैसे जमवा आणि 60 ग्रॅमच्या जवळचा घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जाणं जमत असेल तर माऊस विकत ऑनलाइन घ्या हवा तर, पण आधी तिथे चार-पाच आकार हातात धरून बघा. माऊस हा चपलेसारखा आहे, दुसऱ्याच्या मापाचा चालत नाही.

डीपीआयच्या, म्हणजे माऊस एक इंच सरकवल्यावर किती ठिपके मोजतो त्या, आकड्याकडे दुर्लक्ष करा. खोक्यावर 12,000 लिहिलंय की 26,000, याने तुमच्या नेमात काहीही बदलत नाही. बहुतेक व्यावसायिक खेळाडू 400, 800 किंवा 1600 वर खेळतात. सेन्सरमध्ये बघायचं ते हे की वेगाने फिरवल्यावर तो गोंधळतो का. जी102 चा सेन्सर सेकंदाला 200 इंच वेग झेलतो, म्हणजे पाच मीटर. आपला हात क्वचितच तिथे पोहोचतो. पाचशे रुपयांच्या 'सात हजार डीपीआय'वाल्या माऊसमध्ये तो आकडा अनेकदा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो आणि जोरात झटका दिला की नेम छताकडे किंवा जमिनीकडे पळतो. पोलिंग रेट, म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा माहिती पाठवतो तो आकडा, 1000 हर्ट्झ असला की पुरे. साधा माऊस 125 हर्ट्झवर चालतो, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी माहिती पाठवतो, 1000 वर दर 1 मिलिसेकंदाने. त्यापुढचे 4000, 8000 हे आकडे जुन्या प्रोसेसरवर उलट खेळ अडखळवतात.

वायरलेस घ्यायचा मोह होईल. दोन हजारांच्या जरा वर लॉजिटेकचा जी304 दिसतो, आकार जी102 चाच, पण एक डबल ए सेल धरून 99 ग्रॅम. अल्कलाइन सेलच जवळपास 23 ग्रॅमचा असतो. लिथियमचा सेल टाकला तर 8 ग्रॅम वाचतात, पण तो महाग. ज्यांना लॅपटॉप घेऊन फिरायचंय त्यांच्यासाठी तो उत्तम आहे. तुमचा मुद्दाच वजन असेल तर वायरच घ्या, आणि वायर टेबलाच्या कडेला अडकू न देता मॉनिटरजवळ एखाद्या क्लिपने थोडी वर उचलून धरा. फुकटात अर्धं काम होतं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त माऊस एकाच तक्रारीचे असतात, एकदा दाबलं की दोनदा क्लिक. स्विचच्या आत धातूची पातळ पट्टी असते, ती झिजते किंवा तिच्यावर गंज-मळ चढतो. कोकणात, मुंबईत दमट हवेमुळे हे लवकर होतं. ऑप्टिकल स्विचमध्ये प्रकाशकिरणाने क्लिक लागतं, धातूचा संपर्क नसतो, म्हणून हा रोग तिथे होत नाही. नेहमीचा स्विच सुटा स्वस्त मिळतो, सोल्डरिंग येणारा कुणीही बदलून देतो, तेव्हा तेवढ्यासाठी माऊस फेकू नका. जाळीदार कवचाचं मात्र लक्षात ठेवा, घाम आणि धूळ भोकांतून थेट सर्किटवर जाते. महिन्यातून एकदा मऊ ब्रश मारायची तयारी असेल तरच तो घ्या.

पॅड का म्हणतोय ते हिशोबाने सांगतो. व्हॅलोरंटमध्ये 800 डीपीआय आणि 0.35 सेन्सिटिव्हिटी ठेवली तर पूर्ण गोल फिरायला माऊस साधारण 47 सेंटीमीटर सरकवावा लागतो. पाठीमागे वळायचं तर 23. छोट्या चौकोनी पॅडवर हे शक्यच नाही, मग माणूस सेन्सिटिव्हिटी वाढवतो आणि नेम हलतो. निदान 40 सेंटीमीटर रुंद, शिवलेल्या कडांचा कापडी पॅड घ्या. विंडोजच्या माऊस सेटिंगमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा, नाहीतर डेस्कटॉपवर तेवढंच अंतर कधी कमी कधी जास्त भरतं.

माऊस घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत एवढं करा: गेममधल्या सराव मैदानात जोरजोरात आडवा फिरवून नेम जागेवर येतो का बघा, डेस्कटॉपवर एका फोल्डरवर सावकाश शंभरेक वेळा एकेरी क्लिक करा, तो आपोआप उघडला तर स्विच सदोष आहे, चाक हळू फिरवून पान उलट्या दिशेला उडी मारतंय का तपासा, आणि माऊस एक-दोन मिलिमीटर उचलून हलवा, नेम हलायला नको. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटी कोण देणार, कंपनी की आयात करणारा, हे बिलाच्या दिवशीच विचारा. नंतर विचारलं की कुणी उत्तर देत नाही.