बी.एड.ची फी वहीच्या कुठल्या पानावर लिहायची?

मी समुपदेशन करते. मे महिना आला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "मॅडम, बी.एड. करायचंय, पण पोरांच्या फीचीच ओढाताण आहे. त्यात माझी कुठून भरू?" विचारणाऱ्या बहुतेक जणी तीस-पस्तिशीच्या. पदवी लग्नाआधीची, मग दहा-बारा वर्षं घर, मुलं, शिकवण्या. क्वचित एखादा बापही येतो. तो विचारतो, "नोकरी सोडून दोन वर्षं कशी काढू?" बायका मात्र "कसं" विचारत नाहीत, "करू का" असं विचारतात. बावीस वर्षं ऐकतेय, हा फरक अजून गेलेला नाही.

या सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी त्यांना ताई म्हणायचे, इथंही तेच म्हणते.

ताई सांगलीजवळ कुपवाडला राहतात. वय ३५, बी.ए. मराठी घेऊन. मिस्टर एमआयडीसीत, हातात २८ हजार येतात. मुलगा नववीत जाणार, मुलगी पहिलीत, घरात सासूबाई. दुपारी चारला ताईंच्या पुढच्या खोलीत चौदा मुलं शिकवणीला बसतात, महिन्याला चारशे रुपये प्रत्येकी. मार्चमध्ये त्यांनी बी.एड.ची सीईटी दिली होती, तीही गुपचूप. बहिणीकडे जाऊन येते म्हणून सांगून.

पहिल्या भेटीत त्यांनी पैशाच्या तीन वाटा माझ्यापुढं मांडल्या. एक, माहेरच्या पाटल्या कुणाला न सांगता गहाण ठेवायच्या. दोन, एका एजंटनं सांगितलं होतं, "नुसतं परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो," म्हणजे शिकवणी चालू राहील. तीन, मुक्त विद्यापीठातून घरबसल्या करायचं.

तिसरी वाट लगेच बंद झाली. दूरस्थ पद्धतीचं बी.एड. हे आधीच प्रशिक्षण घेऊन प्राथमिक शाळेत सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी असतं, घरी शिकवणी घेणारीसाठी नाही. दुसऱ्या वाटेबद्दल मी जरा कडक बोलले. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं आहे, वर्गाला ८० टक्के आणि छात्रसेवाकालाला, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के हजेरी लागते. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत जावं लागतं. हे टाळून मिळालेल्या कागदावर वर्गात उभं राहायचं, म्हणजे पोहायला न शिकता दुसऱ्याला विहिरीत उतरवायचं. ताईंना ते पटलं. खरं तर ते त्यांना आधीच पटलेलं होतं, फक्त स्वस्त पडत होतं.

"पण तुम्ही शिष्यवृत्तीचं विचारलंत का कुठं?"

"ते मुलींसाठी असतं ना मॅडम. मुलींना मोफत शिक्षण म्हणतात. मी कुठली मुलगी आता?"

हे वाक्य मी तेव्हाच कागदावर टिपून ठेवलं. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानं आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या विद्यार्थिनींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालंय. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. ताई ओबीसी, उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी आत. मी त्यांना कॉलेजातल्या शिष्यवृत्ती पाहणाऱ्या क्लार्कला भेटायला लावलं. त्या भल्या माणसानं वय विचारलंच नाही. कागद विचारले.

इथंच गोष्ट संपायला हवी होती. फीचा मोठा हिस्सा सुटत होता. पण दुसऱ्या भेटीला ताई पहिल्यापेक्षा जास्त दमलेल्या दिसल्या. "तरी वरचा खर्च आहेच की मॅडम. कॉलेजची इतर फी, जाण्यायेण्याचा पास, पाठाचं साहित्य, टाचणाच्या वह्या. नकोच वाटतंय." पैशाची अडचण अर्धी झाली होती आणि भीती दुप्पट. असं झालं की मी समजते, आपण चुकीच्या जागी औषध लावतोय. माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. परिस्थिती माणसाला जेवढं छळते, त्याहून जास्त त्या परिस्थितीवर त्यानं स्वतःला घातलेली अट छळते, असं मी मानते. ती अट शोधायला हवी होती.

"पुढच्या वेळी घरखर्चाची वही आणाल?" मी म्हटलं.

दोनशे पानी वही होती, कोपरे मुडपलेले, पुठ्ठ्यावर मुलीनं चिकटवलेलं फुलपाखरू. आत तांबड्या पेनानं आखलेले रकाने. किराणा, दूध, गॅस, लाईट, औषधं, शिक्षण, देणं. अक्षर इतकं नेटकं की पाठ टाचणाचे गुण त्यातच मिळावेत. जून महिन्याचं पान त्यांनी आगाऊ मांडून ठेवलं होतं. "शिक्षण" या रकान्यात मुलाचा क्लास ३० हजार, मुलीची शाळा, दप्तर. "देणं" मध्ये पतसंस्थेचा हप्ता, भावजींचे उसने ५ हजार, आणि त्याखाली बारीक अक्षरात, "माझं बी.एड."

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कुणाचं देणं?"

"घराचंच की."

"घरानं तुम्हाला उसने दिलेत?"

"मग? नोकरी लागली की पहिल्यांदा हेच फेडायचं. एवढा पैसा माझ्यावर घालायचा म्हणजे परत केलाच पाहिजे."

"आणि मुलाच्या क्लासचे तीस हजार? ते तो कधी फेडणार?"

त्या मोकळेपणानं हसल्या. "त्याच्याकडून कसले घ्यायचे? ते त्याचं शिक्षण आहे."

वाक्य पुरं झालं आणि हसू चेहऱ्यावरच थांबलं. त्या वहीकडे बघत राहिल्या. बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. मी काही बोलले नाही. अशा वेळी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढं करायचा नसतो, हे मला फार उशिरा समजलं, पण समजलं. पूर्वी मी घाईनं समजावायला जायचे आणि समोरच्याची सगळी कमाई माझ्या शब्दांत बुडायची.

बऱ्याच वेळानं ताई म्हणाल्या, "मॅडम, पेन देता?" माझ्याकडे निळं होतं. त्यांनी पर्समधून स्वतःचं तांबडं काढलं, पट्टी मागितली, आणि "देणं" मधली ओळ सरळ रेघेनं खोडली. मग मुलीच्या दप्तराखाली, नेहमीच्या आकाराच्या अक्षरात लिहिलं, "माझं बी.एड."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदानं. इतकी वर्षं मी या बायकांना "तुमचाही हक्क आहे" असं सांगत होते आणि त्या माना डोलवून घरी जात होत्या. हक्काची भाषा मान्य असूनही पान बदलत नव्हतं. अट "परत केलाच पाहिजे" मधल्या त्या "च" मध्ये बसलेली होती. ऋण मानलं की व्याज आलं, आणि ते बाई पैशात नाही, झोपेत भरते. पहाटे चारला उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक, नणंद आली तर सुट्टी, मुलगी तापली तर नवऱ्याला न सांगता कॉलेज बुडवणं. कर्जदार माणूस मदत मागत नाही ना. पहिल्या सत्रातच बी.एड. सोडलेल्या तिघी मला माहीत आहेत, आणि तिघींचीही फी भरलेली होती.

ओळ बदलल्यावर ताईंच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, ती माझ्या नजरेतून सुटली होती. वहीच्या जमा बाजूला फक्त मिस्टरांचा पगार होता. चौदा मुलांचे ५,६०० कुठंच नव्हते. ते थेट भाजीत, रिक्षात, मुलीच्या औषधात जात होते. वर्षाला शिकवणीचे दहा महिने धरले तर ५६ हजार. म्हणजे बी.एड.चा खरा खर्च फी नव्हतीच, बंद पडणारी शिकवणी होती. जी कमाई लिहिलेलीच नाही, तिची तूट कुणाला दिसणार?

तिसऱ्या भेटीला मिस्टर आले, कंपनीच्या कपड्यातच. मला वाटलं होतं समजूत घालावी लागेल. ते म्हणाले, "मी नको म्हटलंच नव्हतं. तिनं मला विचारलंच नाही." ताई म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडं बघून विचारायचं धाडस झालं नाही." मग दोघांनी माझ्यासमोर वही उघडून हिशोब केला. शिकवणी चारऐवजी सहाला, आठच मुलं. पहिल्या वर्षी पाटल्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या वर्षी छात्रसेवाकालाचे सलग सोळा आठवडे असतात, तेवढ्या काळापुरतं लागलं तर बँकेचं छोटं शैक्षणिक कर्ज. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नसतो, चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, लग्न झालेल्या विद्यार्थिनीला नवरा सहकर्जदार होऊ शकतो. पतसंस्थेच्या व्याजापेक्षा ते पुष्कळ बरं. सासूबाईंनी नातीला शाळेतून आणायचं मान्य केलं, पण गुरुवारी नाही. गुरुवारी त्यांचं भजन असतं. मला ते फार आवडलं. घरात प्रत्येकीचा एक गुरुवार असावा.

आता तुम्ही याच विचारात असाल तर थोडं सांगते. कागदांपासून सुरुवात करा. लग्न झालेल्या विद्यार्थिनीची पदवी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या, आणि शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून आधारला जोडलेल्या खात्यातच येते. नावाचा मेळ बसला नाही की अर्ज अडतो. विवाह नोंदणी किंवा नावबदलाचं राजपत्र आधी काढून ठेवा. ओबीसींना लागणारा नॉन-क्रिमिलेअर दाखला लग्नानंतरही वडिलांच्या कागदांवरून निघतो, तेव्हा माहेरी फोन करा. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. आणि "मोफत" म्हणजे सगळं मोफत नव्हे, इतर शुल्क भरावंच लागतं, ते कॉलेजकडून लेखी मागून घ्या.

वयाचा हिशोबही डोळे उघडे ठेवून करा. सरकारी नोकरीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. ताईंकडे वेळ होता. मागच्या वर्षी खुल्या गटातल्या ४१ वर्षांच्या एक जणी आल्या होत्या, जिल्हा परिषदेच्या नोकरीसाठी कर्ज काढायला निघालेल्या. त्यांना मी थांबवलं. खाजगी शाळेच्या पगारावर ते कर्ज फिटतं का हे त्यांनी दोन शाळांत जाऊन विचारलं, मग बेत बदलला. त्यांना वाईट वाटलं, मलाही. पण स्वप्नाला होकार देणं एवढंच माझं काम नाही.

"या वयात?" असं कुणी म्हणालं तर पुण्याचं सेवासदन आठवा. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी उभं केलं. शिक्षिका होण्यासाठी तिथं लग्न झालेल्या, विधवा, संसारातून आलेल्या बायका शिकल्या.

ताई आता दुसऱ्या वर्षाला आहेत. मध्यंतरी फोन आला, सूक्ष्म पाठात, म्हणजे सरावाच्या छोट्या पाठात, "समास" घेतला म्हणाल्या, आणि निरीक्षक मॅडमनी फळ्यावरच्या अक्षराचं कौतुक केलं. शिकवणी मात्र पाच मुलांवर आली आहे. ती तूट अजून भरलेली नाही, पण जमा बाजूला लिहिलेली आहे.

येत्या मंगळवारी मिरजेच्या एक जणी यायच्या आहेत, तोच प्रश्न घेऊन. फोनवर त्यांना एवढंच सांगितलं, येताना वही आणा, आणि त्याआधी सेतू केंद्रात जाऊन उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका. जूनमध्ये तिथं रांग लागते.