पान पिवळं पडलं म्हणून युरिया टाकू नकोस

आधी बघ, पिवळेपणा कुठून सुरू झालाय. खालची जुनी पानं सबंध पिवळी असतील तर बहुधा नत्र, म्हणजे युरियातला नायट्रोजन, कमी आहे. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध त्याचाच एक अणू असतो. ही दोन्ही मूलद्रव्यं झाड जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतं. केवढं शहाणपण ते! लोह मात्र सहज हलत नाही, म्हणून शेंड्याची कोवळी पानं आधी पिवळी होतात. उसाची पानं अशी पिवळी पडतात त्याला केवडा म्हणतात, तो हाच. चुनखडीच्या रानात लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. तिथे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून ऊन उतरल्यावर फवार.