वाचकांचे प्रश्न : कंपनीची संस्कृती ओळखायची कशी?

तंत्रज्ञान कंपन्यांतील कामाच्या वातावरणाविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींचा गोषवारा येथे दिला आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत माझी निवड झाली आहे. तेथे काम केलेल्या दोघांशी मी बोललो. एक जण म्हणतो, यापेक्षा चांगली नोकरी शोधून सापडणार नाही. दुसरा म्हणतो, तिथे माझी झोप उडाली, तू चुकूनही जाऊ नकोस. दोघेही खोटे बोलणारे नाहीत. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर : दोघांवरही ठेवावा, पण त्यांना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : ते कोणत्या टीममध्ये होते आणि कोणत्या वर्षी. हजारो माणसांच्या कंपनीत एकच एक संस्कृती नांदत असते, हा समज बहुतेक भरतीच्या जाहिरातींनी पसरवलेला आहे. माणसाचा रोजचा अनुभव ठरतो तो त्याच्या मॅनेजरवरून, बरोबर काम करणाऱ्या आठ-दहा जणांवरून आणि ती टीम ज्या उत्पादनावर काम करते त्याच्या प्रकृतीवरून. कंपनीला पैसा मिळवून देणाऱ्या उत्पादनाची टीम आणि गुंडाळण्याच्या बेतात असलेल्या उत्पादनाची टीम एकाच मजल्यावर शेजारी बसत असल्या, तरी दोघींचे दिवस अगदी निराळे जातात.

वर्ष विचारायचे कारणही तसेच आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये अनेक वर्षे कर्मचाऱ्यांना ठरावीक प्रमाणात वरच्या, मधल्या आणि खालच्या गटांत बसवण्याची पद्धत होती. सगळ्या टीमने उत्तम काम केले, तरी कोणाला तरी खालच्या गटात टाकावेच लागे. त्यामुळे हुशार अभियंते दुसऱ्या हुशार अभियंत्यांच्या टीममध्ये जायला कचरत, कारण तिथे आपला क्रमांक घसरण्याची भीती असे. कंपनीने ही पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नडेला मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. २०११ मध्ये तेथून बाहेर पडलेला आणि २०१७ मध्ये तेथे रुजू झालेला, असे दोघे भेटले आणि त्यांनी परस्परविरुद्ध सांगितले, तर दोघेही खरेच बोलत असतील.

आता स्वतःहून काय पाहावे ते सांगतो. एमआयटीमधील अभ्यासक एडगर शाइन यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले आहेत : डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, संस्था तोंडाने सांगते ती मूल्ये, आणि कोणीही बोलून न दाखवलेली पण सगळ्यांनी धरून चाललेली गृहीतके. अनुभव सांगणारी माणसे बहुधा पहिल्या दोन थरांतच फिरतात. कॅफेटेरिया कसा आहे, टेबल टेनिस आहे का, संस्थापक भाषणात काय म्हणाले. तुमची नोकरी मात्र तिसऱ्या थरावर चालणार आहे. तो थर उघडा पाडायचा असेल तर मुलाखतीच्या शेवटी, ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का,’ असे म्हटले जाते तेव्हा ती संधी वाया घालवू नका. मागच्या वेळी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या यंत्रणेत, मोठा बिघाड झाला तेव्हा काय घडले आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदलले, हे विचारा. या टीममध्ये अलीकडे बढती कोणाला मिळाली आणि कोणत्या कामासाठी, हेही विचारा. रात्री जागून आग विझवणाऱ्याला बढती मिळत असेल आणि आग लागूच न देणाऱ्याचे नावही कोणाला आठवत नसेल, तर तेथे आगी लागतच राहणार हे समजून जावे. ‘आमच्याकडे बिघाड होतच नाहीत,’ असे उत्तर आले, तर मी तरी ती नोकरी घेणार नाही.

एक सावधगिरी मात्र दोन्ही बाजूंनी बाळगावी. रागाने सोडून गेलेला माणूस कडवटपणा मिसळून बोलतो, आणि आत असलेल्या माणसाला आपला निर्णय बरोबर होता असे स्वतःलाच पटवायचे असते. एकमेकांना न ओळखणाऱ्या चार जणांनी आपापल्या शब्दांत एकच तक्रार केली, तर तिचे वजन एका लांबलचक संतापापेक्षा कितीतरी जास्त धरावे.

प्रश्न : आमच्या दर आठवड्याच्या बैठकीत प्रत्येक कामापुढे हिरवा रंग असतो आणि रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकांना देण्याच्या, आदल्या दिवशी सगळे एकदम लाल होते. धोका मी आधीच बोलून दाखवला, तेव्हा ‘तू फार नकारात्मक आहेस,’ असे मॅनेजर सर्वांदेखत म्हणाले. आता मीही गप्प बसते. माझे चुकते आहे का?

उत्तर : तुम्ही बोललात ते योग्यच होते, आणि नंतर गप्प बसलात तेही समजण्यासारखे आहे. तुमच्याबरोबर त्या दिवशी खोलीतले सगळेच जण एक धडा शिकले, ही यातली खरी हानी आहे.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या पथकांत औषध देण्यातील चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले : चांगल्या पथकांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडले ते असे की त्या पथकांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या बोलून दाखवल्या जात होत्या. पुढे १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना मांडली : या टीममध्ये प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळे मत मांडले तर आपली शोभा होणार नाही, हा सर्वांचा सामाईक भरवसा. गूगलने २०१२ पासून आपल्या १८० हून अधिक टीमचा अभ्यास केला, तेव्हा टीम कशामुळे चांगली चालते याच्या उत्तरात हीच गोष्ट सर्वांत वर आली. टीममध्ये कोण आहे यापेक्षा ती माणसे एकमेकांशी कशी वागतात याला महत्त्व अधिक ठरले. सगळ्या कामांपुढे हिरवा रंग असलेला तक्ता पाहून समाधान मानणाऱ्या मॅनेजरांनी हे एकदा मन लावून वाचायला हवे, पण ते या सदराचे वाचक असण्याची शक्यता कमी आहे.

तुम्हाला करता येण्यासारखे काही सांगतो. भर बैठकीत, सर्वांसमोर, धोका पहिल्यांदा जाहीर करू नका; आदल्या दिवशी मॅनेजरांना एकट्याने भेटून सांगा, म्हणजे त्यांना अनपेक्षित धक्का बसणार नाही आणि प्रतिष्ठेचा प्रश्नही उभा राहणार नाही. ‘हे होणार नाही,’ असे न म्हणता, ‘पेमेंटची चाचणी बुधवारपर्यंत पूर्ण झाली नाही तर रिलीज पुढे ढकलावे लागेल, एक परीक्षक आणखी मिळाला तर जमेल,’ असे अट आणि उपाय जोडून सांगा. मग तेच दोन ओळींच्या ईमेलमध्ये लिहून ठेवा. इतके करूनही दोन-तीन रिलीजनंतर काहीच बदलले नाही, तर दोष तुमच्या बोलण्याच्या पद्धतीत नाही, आणि दुसऱ्या टीमसाठी अर्ज करण्यात कमीपणाही नाही.

प्रश्न : ऑन-कॉलच्या, म्हणजे बिघाड झाला तर केव्हाही धावून जाण्याच्या पाळीच्या, आठवड्यात रात्री तीन-चार वेळा फोन वाजतो आणि सकाळी दहाला स्टँड-अपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला, हजर राहावेच लागते. सहकारी म्हणतात, या क्षेत्रात हे असेच चालायचे.

उत्तर : असेच चालायला हवे असे मुळीच नाही. सतत चालणाऱ्या सेवांना रात्री कोणीतरी जागे लागते हे खरे, पण त्यालाही हिशेब असतो. गूगलच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या कार्यपद्धतीत बारा तासांच्या ऑन-कॉल पाळीत जास्तीत जास्त दोन घटना ही मर्यादा मानली आहे. कारण साधे आहे : प्रत्येक घटना सोडवायची, तिचे मूळ शोधायचे आणि ते लिहून ठेवायचे, तर त्यापेक्षा जास्त घटना माणसाला झेपत नाहीत. फोन त्याहून जास्त वेळा वाजत असेल, तर ती उत्पादनातील त्रुटी आहे. अभियंत्याच्या सहनशक्तीने ती भरून काढणे म्हणजे ती झाकणे होय.

म्हणून महिनाभर नोंद ठेवा : फोन किती वाजता आला, कशामुळे आला आणि त्यावर खरोखर काही करण्यासारखे होते का. बऱ्याच ठिकाणी असे दिसते की बरेचसे इशारे फक्त बंद करण्यासाठीच वाजतात. ही यादी मॅनेजरांपुढे ठेवून दोन मागण्या करा : निरर्थक इशारे काढून टाकावेत, आणि रात्री काम केलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित अवस्था म्हणून केली, हेही लक्षात असू द्या. गळून गेल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपण येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे आहेत. ती जाणवत असतील, तर ही नोंद ठेवण्याआधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : ‘आपण एक कुटुंब आहोत,’ असे आमचे संस्थापक नेहमी म्हणतात. मागच्या तिमाहीत याच कुटुंबातील चाळीस जणांना एका ईमेलने घरी पाठवले.

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तर आहे. नेटफ्लिक्सने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्लाइडमध्ये ‘आम्ही टीम आहोत, कुटुंब नाही,’ असे स्वच्छ लिहिले होते आणि जेमतेम चालण्याजोगे काम करणाऱ्याला चांगली रक्कम देऊन निरोप दिला जाईल, हेही सांगितले होते. ते कठोर वाटते, पण नोकरी धरणाऱ्याला आपण काय पत्करतो आहोत हे तरी कळते.

प्रश्न : वरिष्ठांच्या आक्षेपार्ह वागण्याची तक्रार मी एचआरकडे करावी का? ‘एचआर शेवटी कंपनीचेच असते,’ असे सगळे सांगतात.

उत्तर : एचआर विभाग कंपनीचाच असतो, हे खरे आहे, आणि त्यासाठीच तक्रार लेखी असावी. तोंडी तक्रार झाली की नंतर ती झालीच नव्हती असे म्हणता येते. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तेथे हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा, संदेश जपून ठेवा, पण कंपनीची गोपनीय कागदपत्रे स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. मूळ विषय बाजूला पडून तेच तुमच्याविरुद्ध वापरले जाऊ शकते. कायद्याच्या जाणकाराचा सल्ला शक्यतो तक्रार करण्यापूर्वी घ्या.

पूर्वी हाच त्रास झालेल्या इतर सहकाऱ्यांशी विश्वासाने बोलता आले तर जरूर बोला. उबरमधील माजी अभियंता सुझन फाउलर यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये आपला अनुभव जाहीरपणे लिहिला. त्यात त्यांनी म्हटले होते की ‘त्या माणसाची ही पहिलीच चूक आहे,’ असे एचआरने त्यांना सांगितले होते, आणि नंतर इतर स्त्रियांशी बोलल्यावर त्याच माणसाविरुद्ध आधीही तक्रारी झाल्याचे त्यांना कळले. त्यावर चौकशी बसली आणि जूनमध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. लैंगिक छळाची प्रकरणे कंपनीने ज्या रीतीने हाताळली त्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबर २०१८ रोजी गूगलचे सुमारे २०,००० कर्मचारी जगभर कार्यालयांबाहेर आले, आणि त्यानंतर कंपनीने अशा तक्रारी न्यायालयाऐवजी सक्तीने खासगी लवादाकडे नेण्याची अट काढली. एकट्याची तक्रार दाबणे सोपे असते, म्हणून आधी सोबत शोधा असे मी सुचवतो. मात्र धमकी किंवा शारीरिक धोका असेल, तर सोबतीची वाट न पाहता पोलिसांकडे जा.

प्रश्न : नोकरी सोडताना एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये खरे सांगावे का?

उत्तर : ज्याने काही सुधारू शकते तेवढेच सांगावे, आणि व्यक्तीपेक्षा पद्धतीवर बोलावे. ‘परीक्षणासाठी दिलेला कोड सरासरी आठवडाभर पडून राहतो, म्हणून चांगली माणसे कंटाळतात,’ हे सांगण्यासारखे आहे. मॅनेजरांच्या स्वभावाचे वर्णन नाही. तुमच्या मागे टीममध्ये राहिलेल्या सहकाऱ्यांचे म्हणणे त्यांच्या नावासकट तेथे मांडू नका. संदर्भासाठी पुढची कंपनी कदाचित याच लोकांना फोन करील, हेही ध्यानात ठेवा. आणि जे सांगाल ते ऐकून त्यांना आश्चर्य वाटले, तर इतके दिवस तेथे कोणीच कोणाला विचारले नव्हते, एवढे तुम्हाला समजेल.