पाटल्या आईच्या हातातच राहू द्या

खानापूरच्या एक वाचक विचारतात: वय 26, इंटिरियर डिझाइनची पदवी, चौदा महिन्यांपासून बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका आर्किटेक्टकडे नोकरी, पगार 24,000. थोरली बहीण कॅनडात टोरांटोजवळ असते. ती म्हणते, एनसीआयडीक्यू, म्हणजे तिकडची इंटिरियर डिझायनरांची पात्रता परीक्षा दे आणि इकडे ये. त्यासाठी नोकरी सोडून आठ महिने घरी अभ्यास करायचा, आईच्या पाटल्या गहाण ठेवून दोन लाख उचलायचे आणि कोचिंग लावायचं. करू का?

नोकरी सोडू नका. पैशांचा हिशेब नंतर, आधी परीक्षेचाच बघू. तिचे तीन भाग आहेत. पहिला, मूलभूत ज्ञानाचा, अनुभव नसतानाही देता येतो. पुढच्या दोन भागांसाठी मात्र पदवीधराला 3,520 तासांचं काम दाखवावं लागतं. आठवड्याला 40 तास धरले तर 88 आठवडे. तुमचे साठेक आठवडे भरलेत, उरले सहा-सात महिने. नेमके तेच महिने तुम्ही घरी बसून घालवणार!

आता पैसे. आठ महिन्यांचा बुडालेला पगार 1,92,000. त्यावर दोन लाखांचं सोनेतारण कर्ज. दहा टक्के व्याज धरलं तरी वर्षाला 20,000. म्हणजे चार लाखांच्या वर जाऊन हातात काय, तर पुढचे दोन भाग द्यायला अपुरे पडणारे तास.

अजून एक. काम कुणाच्या देखरेखीखाली केलं यालाही तिथे वजन आहे, आणि आपल्याकडच्या पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. परीक्षा घेणाऱ्या सीआयडीक्यूला ई-मेल करून तुमच्या साहेबांची सही चालेल का, हे लेखी विचारा. कोचिंगवाल्याला पहिला हप्ता देण्याआधी.

बहिणीचं म्हणणं चुकीचं नाही. ती राहते त्या ऑन्टारियो प्रांतात 'इंटिरियर डिझायनर' ही उपाधी 1984 च्या कायद्याने राखीव आहे आणि ती मिळवायला ही परीक्षा लागते. पण परीक्षेने व्हिसा मिळत नाही, आणि व्हिसाबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. इकडेच राहिलात तर? आपल्याकडे 1972 चा कायदा आहे तो आर्किटेक्टसाठी. इंटिरियरवाल्यांना परवाना लागतच नाही. अनगोळच्या फ्लॅटवाल्याला मरीन प्लाय खरंच मरीन आहे का आणि गणपतीआधी काम उरकणार का, एवढंच हवं असतं. प्रमाणपत्र बघून तो फी वाढवून देणार नाही.

म्हणून सध्या फक्त पहिला भाग द्या, तोही पगारातून. परीक्षा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये असते. आजपासून महिना 5,000 ची आरडी सुरू करा. फी डॉलरमध्ये जाते, तेव्हा कार्डावर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनात पैसे भरताना लागणारा जादा आकार, किती ते आधी बघा. बऱ्याच कार्डांवर तो दोन ते साडेतीन टक्के असतो.

क्रेडिट सोसायटीत 1,60,000 ठेवलेत असंही लिहिलंय. त्यांना हात लावू नका, पण मुदत संपली की बँकेत हलवा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. दोन टक्के जास्त व्याजासाठी आपल्या भागात लोकांनी बरंच भोगलंय.

साइटवरचे आणि ड्रॉइंगचे तास आजपासून वहीत लिहा आणि दर महिन्याला साहेबांची सही घ्या. नोकरी बदलल्यावर जुन्या साहेबांच्या मागे सहीसाठी फिरणं फार जड जातं. बहिणीकडे पैसे मागू नका, सुट्टीला येताना जुनी पुस्तकं आणायला सांगा.