आई-बाबांची बॅग त्यांनाच भरू द्या

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाबांना पेसमेकर, आईचे दोन्ही गुडघे बदललेले, दोघं पहिल्यांदाच परदेशी निघालेत. ऐरोलीहून न्यू जर्सीला भावाकडे, मुंबईच्या टी-२ वरून (विमानतळाचं टर्मिनल २), अबू धाबीत विमान बदलून, सोबत कुणी नाही. ‘सिक्युरिटीत अडवलं तर आई घाबरून भलतंच बोलेल’ ही तुमची काळजी. वर एक-दोघांनी लिहिलंय की व्हीलचेअर घ्या, मग कुणी तपासत नाही. हे खरं नाही, त्यामुळे सविस्तर लिहिते. ठाण्यात आमच्या सोसायटीतल्या आणि नात्यातल्या ज्येष्ठांची मुलांकडे जायची तयारी करून देणं हे मी बरीच वर्षं करते आहे.

सगळ्यात आधी एक सांगते, बाकी विसरलात तरी चालेल. त्यांच्या बॅगा तुम्ही भरू नका. तुम्ही शेजारी बसा, वजन करा, नको ते बाहेर काढायला सांगा, पण हात त्यांचेच लागू द्या. आपण मुलं काय करतो, प्रेमापोटी रात्री जागून सगळं भरतो, कुलूप लावतो आणि किल्ली आईच्या पर्समध्ये टाकतो. मग काउंटरवर विचारतात, ‘बॅग तुम्हीच भरलीत का? कुणी काही न्यायला दिलंय का?’ आई खरं बोलणारी, ती म्हणते, ‘नाही, मुलीने भरली.’ यात गुन्हा काहीच नाही, पण पुढचे चार प्रश्न तिथून सुरू होतात. आणि एक्स-रेनंतर बॅग बाजूला घेऊन ‘इसमें क्या है?’ विचारलं की जिने स्वतः भरलीय ती पटकन सांगते, ‘डाव्या कप्प्यात लाडू आहेत.’ जिला ठाऊक नाही ती गोंधळते, आणि गोंधळलेल्या माणसाची बॅग सगळीच उघडतात. दारापासून पुढे तुम्ही नसणार. तिकीट नसलेल्याला टर्मिनलमध्ये सोडत नाहीत.

लाडवांवरून आठवलं. एक्स-रेच्या पडद्यावर धातू निळसर दिसतो आणि अन्न, कागद, कापड असल्या गोष्टी केशरी. स्फोटकंही केशरीच दिसतात, म्हणून घट्ट, जाड केशरी गोळा दिसला की बघणारा थांबतो. आपला बेसनाचा लाडू म्हणजे नेमका तसा गोळा. तो स्टीलच्या डब्यात असला तर वरून निळा पत्रा, आत काय ते दिसतच नाही. एकदा आमच्या शेजारच्या काकूंच्या हातातल्या बॅगेत स्टीलचा डबा, त्यावर गुंडाळलेला चार्जर आणि त्यावर फॉइलमधल्या चिक्कीच्या वड्या असा थर होता. अख्खी बॅग टेबलावर रिकामी करावी लागली. फॉइल सोडा, डबा उघडा, वायर वेगळी करा, पुन्हा मशीनमध्ये घाला. तपासणाऱ्या मुलीने आवाज चढवला नाही, काकूंना खुर्चीही दिली, पण मागची रांग बघून काकूंना कानकोंडं झालं. तेव्हापासून माझा नियम असा: खाऊ पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात, एकावर एक न रचता पसरून, आणि शक्यतो चेक-इनमध्ये, म्हणजे काउंटरवर देऊन टाकतो त्या मोठ्या बॅगेत. वायरी, चार्जर, मोबाईल, पॉवर बँक एका वेगळ्या पिशवीत, म्हणजे ट्रेमध्ये ती पिशवी तेवढी काढून ठेवता येते.

पॉवर बँक मात्र चेक-इनमध्ये अजिबात नाही, ती हातातच. मर्यादा १०० वॅट-अवर, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचची चालते, ती साधारण ७४ वॅट-अवर भरते. वरचा छापील मजकूर पुसला असेल तर ती घरीच ठेवा. चुकून मोठ्या बॅगेत राहिली तर नाव पुकारतात आणि परत बोलावून बॅग उघडायला लावतात. गुडघे बदललेल्या बाईला ती धावपळ नको.

पातळ पदार्थांचं सगळ्यांना माहीत असतं, तरी फसगत होतेच, कारण मोजतात ते बाटलीचं माप, आतला माल नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी चमचाभर तेल असलं तरी ती २०० चीच. १०० मिलीपर्यंतच्या बाटल्या, सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. साजूक तूप, मुरांबा, लोणचं, टूथपेस्ट हे सगळं यात धरतात. लोणचं तर हातातल्या बॅगेत घालूच नका, नीट सील करून खाली द्या. औषधं याला अपवाद आहेत, पण डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टशी जुळायला हवं. औषधं मूळ पाकिटात, सगळी हाताशी.

आईला हे नियम नुसते सांगू नका, कारणही सांगा. बाबांना कंदाहार नक्की आठवत असेल. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान पळवलं गेलं, त्यानंतर २००० पासून आपल्या विमानतळांवर टप्प्याटप्प्याने सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आलं. आणि पातळ पदार्थांची मर्यादा ऑगस्ट २००६ पासूनची. लंडनहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत पेयाच्या बाटल्यांतून स्फोटकं न्यायचा कट पकडला गेला होता. आपल्या वयस्कर मंडळींना कारण पटलं की ती चिडत नाहीत आणि मनाला लावूनही घेत नाहीत. ‘माझ्यावर संशय का?’ हा प्रश्नच उरत नाही.

ओटीचा नारळ हा आमच्याकडे दर वेळी निघणारा विषय. निघताना मावशी, काकू ओटी भरतात आणि नारळ कुठे ठेवायचा म्हणून तो पर्समध्ये जातो. हातातल्या सामानात नारळ चालत नाही. २०२२ च्या शेवटी शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला (डोक्यावरून नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला) नारळ सोबत नेण्याची सवलत दिली, तीसुद्धा ठरावीक मुदतीसाठी आणि वेगळा आदेश काढून, यावरून काय ते समजा. सुकं खोबरं तर चेक-इनमध्येही नाही, त्यात तेल असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. ओटी जरूर भरा, नारळ घरी देवापुढे ठेवा.

आणि खसखस! हे मी पोटतिडकीने सांगते. अबू धाबी ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. तुमची आई अनारसे करत असेल तर या वेळी करू नका, किंवा खसखस न लावता करा. करंजीच्या सारणातलीही वगळा. तिथे फक्त विमान बदलायचंय हे खरं, पण विमान चुकलं आणि बाहेर हॉटेलात राहायची वेळ आली तर? दोन चमचे खसखशीसाठी हा धोका कशाला.

आता बाबा. पेसमेकरचं ओळखपत्र रुग्णालयाने दिलेलं असतं, ते पासपोर्टच्या पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये. धातू शोधणाऱ्या दारातून चालत गेल्याने आताच्या पेसमेकरला सहसा काही होत नाही, फक्त त्या चौकटीत रेंगाळू नये. तपासणाऱ्याच्या हातातलं यंत्र मात्र छातीवर धरून ठेवू देऊ नये. बाबांनी रांगेत पुढे गेल्याबरोबर, यंत्र वाजायच्या आधी, म्हणायचं, ‘पेसमेकर है, हाथ से चेक कीजिए.’ एवढं एक वाक्य घरी पाठ करून घ्या. वाजल्यावर सांगितलं तर ते सबब वाटते, आधी सांगितलं तर माहिती.

आईचंही तेच. कृत्रिम गुडघ्यात कोबाल्ट-क्रोमियम आणि टायटॅनियम असतं, तो वाजणारच. बायकांची तपासणी पडद्याआड होते आणि महिला कर्मचारीच करतात. छोट्या पायरीवर उभं राहायचं, हात आडवे, यंत्र वरून खाली फिरतं. गुडघ्यापाशी वाजलं की ती विचारते, ‘ऑपरेशन?’ आईने ‘हां, दोनों घुटनों का’ म्हणायचं, बस. मग ती हाताने चाचपून बघते. साडी वर करून व्रण दाखवायची गरज नाही. आमच्या ओळखीतल्या एका आजींनी घाबरून आपणहून दाखवला आणि घरी आल्यावर रडल्या, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. डॉक्टरांचं पत्र जवळ असू द्या, पण त्याने तपासणी टळत नाही, फक्त बोलणं कमी होतं. साडी नेसणार असेल तर पिना कमी, बांगड्या मोजक्या.

व्हीलचेअर दोघांसाठी जरूर मागा, निदान ४८ तास आधी कळवून. टी-२ मध्ये चालणं खूप आहे, अबू धाबीत आणखी. पण खुर्चीवरच्या माणसाचीही झडती होते, खुर्चीचीही. शक्य असेल तर क्षणभर उभं राहायला सांगतात. आईला उभं राहून हात सोडता येत नसतील तर तसं सांगायचं, बसूनही तपासतात.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. झडतीला बायका-पुरुष वेगळे होतात. बाबांच्या सवयीप्रमाणे दोघांचे पासपोर्ट त्यांच्याच पाकिटात असतील, आणि आई पलीकडे कागदाशिवाय उभी. ज्याचा पासपोर्ट त्याच्याकडे, गळ्यातल्या पिशवीत, बोर्डिंग पाससकट. सामान वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, आणि जो आधी बाहेर येईल त्याने पट्ट्याजवळच थांबायचं, दुसऱ्याला शोधायला जायचं नाही. सोन्याच्या बांगड्या काढाव्या लागल्या तर त्या ट्रेमध्ये सुट्या टाकू नका, पर्सच्या चेनच्या कप्प्यात आणि मग पर्स मशीनमध्ये.

अबू धाबीत सगळ्यात जास्त वेळ जाईल. अमेरिकेची सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशन २०१४ पासून तिथेच होतं, न्यूयॉर्कला उतरल्यावर पुन्हा रांग नाही. तिकीट अजून बदलता येत असेल तर मध्ये किमान तीन तास असलेलं घ्या. बोर्डिंग पासवर चार वेळा ‘एस’ छापलेलं दिसलं तर घाबरायचं नाही. जादा तपासणीसाठी नाव निघालंय एवढाच अर्थ. हातावर, बॅगेवर कापडाची पट्टी फिरवून ती स्फोटकांचे कण शोधणाऱ्या यंत्रात घालतात. बाबा गच्चीवर झाडं लावतात म्हणालात, तर खत हाताळताना घालतात त्या चपला-बूट प्रवासात नकोत. खतातल्या नायट्रेटने ते यंत्र कधीकधी वाजतं. खाऊ आहे का विचारलं तर ‘आहे’ म्हणायचं आणि काय ते सांगायचं. लपवलेल्या डब्याला दंड होतो, सांगितलेला फार तर फेकून देतात.

बाबा कंटाळले की फटकन बोलतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना एवढंच सांगा की ‘माझ्या बॅगेत काय बॉम्ब आहे?’ असं रागातसुद्धा म्हणायचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोचीला एका प्रवाशाला असंच काहीसं म्हटल्यावर अटक झाली होती. तिथे माणूस वयस्कर आहे, वैतागलाय, हे बघायची मुभा कर्मचाऱ्यांना नसते.

तिकिटावरचं विमानतळाचं नावही एकदा बघून घ्या. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, आणि ऐरोलीच्या माणसाला तो जवळचा म्हणून गाडीवाला तिकडेच, उलवेला, वळायचा. तिकिटावरच्या तीन अक्षरी खुणेत बीओएम असेल तर मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई. ऐरोली पुलावरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने जाणार असाल तर संध्याकाळच्या वाहतुकीचा वेळ वेगळा धरा. आणि प्रवास १२ ऑगस्टचा आहे म्हणालात. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास विमानात चढण्याआधी पुन्हा एकदा झडती आणि हातातल्या बॅगेची तपासणी होते, तेव्हा तीन तास आधी पोचा असं सगळे सांगतात तिथे तुम्ही चार धरा. बोर्डिंगला व्हीलचेअरवाल्यांना आधी नेतात, त्यामुळे त्यांनी गेटजवळच बसून राहायचं, चहा प्यायला लांब जायचं नाही.